पडद्यावर बापाचा हात

"अंकल, थोडा वर. अजून. हां. आता बोटं पसरा."

पप्पांनी उजवा हात वर धरला. बोटं पसरली. जी उरली होती ती.

बजाजनगरात, आमच्या घराच्या ओट्यावर. मे महिन्याची दुपार. समोर माझ्याच वयाची पोरं-पोरी, पायात पांढरे बूट, गळ्यात कार्ड, हातात मोबाईल. आमचे मेंटर युगंधर सर गुडघ्यावर बसून कॅमेरा लावत होते. सावली पडतेय म्हणाले, जरा दाराकडं सरका. पप्पा सरकले. दारातून आतल्या भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो दिसायला लागला. सरांनी उठून दार लोटून घेतलं. तो फ्रेममध्ये आला की विषय भलतीकडं जातो, म्हणाले.

मी त्या पोरांमध्येच उभी होते. माझ्याही गळ्यात तेच कार्ड.

माझ्या बापाचा तो हात आमच्या गल्लीनंसुद्धा कधी धड पाहिला नव्हता. वाळूजला एका कंपनीत प्रेस मशीनखाली दोन बोटं गेली, तेव्हापासून हात खिशात. लग्नात पंगतीला बसले तर रुमाल गुंडाळून. पाहुण्यांकडं गेले तर चहाचा कप डाव्या हातात. दुपारी पाळीवरून येऊन झोपले की तो हात उघडा पडायचा, तेव्हा मी लहानपणी गुपचूप बघायचे. आणि आज तोच हात वर धरून ते उभे होते. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. वरून माझ्याकडं बघून हसत होते. बरोबर करायलो ना, असं विचारल्यासारखे.

मी मान खाली घातली. माझ्या पायाखालची फरशी मम्मीनं सकाळी घासून काढलेली दिसत होती. तिच्यावर बुटांचे ठसे.

हे कसं झालं, ते पहिल्यापासून सांगते.

जालना रोडला, विमानतळाच्या पुढं एक मोठी निवासी शाळा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं समर प्रोग्रॅम भरतो. दहावी झालेल्या, अकरावीत असलेल्या पोरांसाठी. परदेशात किंवा मोठ्या खासगी विद्यापीठात शिकायला जायचं तर नुसते मार्क पुरत नाहीत म्हणे. अर्जात काहीतरी केलेलं दाखवावं लागतं. रोबोट केला, भाषण केलं, समाजाची सेवा केली. ते केलेलं इथं सुट्टीत करून मिळायचं. पोरं बहुतेक पुण्या-मुंबईची, थोडी आमच्या शहरातल्या मोठ्या घरांतली. आणि काही जागा आमच्यासारख्यांना फुकट.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी माझं नाव पाठवलं. निवड झाली तेव्हा पप्पा गल्लीत घरोघर सांगून आले. मम्मी कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. तिनं लाटणं खाली ठेवून सगळ्या बायांना सांगितलं. मला नवी बॅग, नव्या चपला घेतल्या. निघताना पप्पा म्हणाले, तिथल्या लोकांचं ऐक, उलटून बोलू नको. मोठी माणसं हायेत, त्यांच्यामुळं तुझं भलं व्हईल.

पहिल्या दिवशी कार्डं वाटली. सगळ्यांच्या कार्डाची दोरी काळी, आमची पिवळी. का, ते कुणी सांगितलं नाही. पहिल्या जेवणाला सगळ्यांना कळून गेलं.

माझ्या खोलीत रुखसार होती. किराडपुऱ्याची. तिच्या वडलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. तिचीही दोरी पिवळी. ती दोरी तिनं पहिल्याच दिवशी कापून टाकली आणि कार्ड बॅगेला पिन लावून अडकवलं. मला ते सुचलं नाही. मी मिरवल्यासारखी दोरी घालून हिंडत होते.

खोटं बोलणार नाही, तिथली प्रयोगशाळा मला लई आवडली. आमच्या शाळेत जे पुस्तकातल्या चित्रात बघितलं होतं ते हातात घेता आलं. सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघितला तेव्हा मी मागच्या पोरीला नंबर द्यायचं विसरले. इंग्रजी अडायचं. कुणी काही विचारलं की आधी डोक्यात वाक्य जुळवायचं, ते जुळेपर्यंत दुसरंच कुणी बोललेलं असायचं. पण मी तग धरून होते.

मग एका संध्याकाळी सरांनी आम्हाला हिरवळीवर गोल बसवलं. सर पुण्याचे, पंचविशीतले, हसरे. आम्हाला सगळ्यांना नावानं ओळखायचे. म्हणाले, आज प्रत्येकानं स्वतःबद्दल असं काहीतरी सांगायचं जे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. इथलं बोलणं इथंच राहील. आधी त्यांनी स्वतःचं सांगितलं, आईवडील वेगळे झाल्याचं. त्यांचे डोळे भरून आले. माझ्या गटातली अन्वी तिच्या आजारपणाबद्दल बोलली. तिचे वडील बिल्डर, सिडकोत मोठं घर. कबीर म्हणून एक मुलगा होता, डॉक्टरांचा. तो म्हणाला, मला वडलांची भीती वाटते.

माझी पाळी आली. मी पप्पांचा हात सांगितला.

सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, म्हणून धडधड सांगता आलं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात मध्ये सापडत नाही. पण त्यात वेळ जातो. माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरनं एक बटण चिकटपट्टीनं दाबून बांधून टाकलं होतं. पप्पा नको म्हणाले तर म्हणाला, जमत नसंल तर उद्यापासून येऊ नको. ठेकेदारानं दवाखान्यात सांगितलं, घरी लागलंय. नंतर पप्पांना त्याच ठेकेदारानं गेटवर उभं केलं, वॉचमन म्हणून. उपकार केल्यासारखं.

अन्वीनं मला मिठी मारली. सर म्हणाले, "हे सोनं आहे."

मला अभिमान वाटला. आपल्या घरातलं काहीतरी ह्या लोकांनी सोनं म्हणून उचललं, असं वाटलं. मी त्या सगळ्यांचे आभार मानले. उभं राहून, हात जोडून.

पुढच्या आठवड्यात गटांना प्रकल्प वाटले. आमच्या गटाला विषय मिळाला कामगारांची सुरक्षा. मला आनंदच झाला. मग सर म्हणाले, उद्या प्रत्यक्ष पाहणी. कुठं, ते सरप्राईज.

बस निघाली. क्रांती चौक गेला, छावणी गेली, नगर नाका गेला. पोरं गाणी म्हणत होती. सर पुढं उभं राहून सूचना देत होते. कुणाच्या घरात जाल तेव्हा नम्र राहा. प्रश्न विचारताना हसरा चेहरा ठेवा. बाहेरचं पाणी, सरबत कुणीही पिणार नाही, गोड बोलून नाही म्हणा. मी पण मान हलवली. मग बस बजाजनगरच्या वळणाला वळली. बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा सर माझ्याकडं बघून म्हणाले, "आज तू आमची होस्ट."

सरांनी पप्पांना आधीच फोन केला होता. मला सांगायचं नाही असं ठरलेलं. पप्पांनी खाडा केला होता. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मम्मीनं शेजारून ग्लास मागून आणले होते. लिंबाचं सरबत आणि ताटभर भजी.

पोरं गोड बोलून नाही म्हणाली. एकेक करून. थँक्यू आंटी, नुकतंच झालंय. थँक्यू आंटी. मम्मी ट्रे घेऊन प्रत्येकापुढं गेली. एवढी पोरं उन्हातून आलेली, एकालाही तहान कशी नाही, हे तिला कळेना. ट्रे फिरून माझ्यापाशी आला. मी ग्लास उचलला आणि तिथंच उभी राहून संपवला. दुसरा उचलला. मम्मी म्हणाली, हळू पी. बाकीचे भरलेलेच राहिले. माशा बसायला लागल्या तसा तिनं त्यावर रुमाल टाकला.

हे न पिणं काय असतं, ते आमच्या आजी-आजोबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या काळात सरळ हातचं पाणी नाकारायचे. आता थँक्यू म्हणतात.

आत दोन पोरी खोली बघत होत्या. एकीनं मम्मीला विचारलं, "तुम्ही सगळे इथंच राहता? तुम्हाला वाईट नाही वाटत?"

मम्मी म्हणाली, "कशाचं?"

त्या पोरीनं शेगडीचा फोटो काढला.

मग बाहेर ओट्यावर ते झालं, जे सुरुवातीला सांगितलं. हात वर. बोटं पसरा. आणि कॅमेरा चालू असतानाच सरांनी विचारलं, अपघात कसा झाला?

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग कॅमेऱ्याकडं. हात अजून वरच होता.

"माझंच लक्ष नव्हतं, सर," ते म्हणाले.

मला माहीत होतं ते असं का म्हणाले. ठेकेदार तोच होता. गेट तेच होतं. गल्लीत त्याचीच दोन माणसं उभी राहून बघत होती.

बस परत निघाली तेव्हा मी खिडकीकडं तोंड केलं. मागं कबीर अन्वीला सांगत होता, किती साधी माणसं आहेत ना. अन्वी म्हणाली, हो ना, आणि किती आनंदी.

प्रकल्प तयार झाला. मोबाईलवर एक ॲप. कामगाराचं लक्ष उडालं की घंटी वाजणार. सगळ्यात आधी पडद्यावर पप्पांचा हात, त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत, अकुशल कामगार आणि जागरूकतेचा अभाव. शेवटी मी पुढं यायचं आणि इंग्रजीत दोन वाक्यं म्हणायची. माझ्या वडलांचं लक्ष नव्हतं म्हणून त्यांनी बोटं गमावली. पण त्यांनी माझ्यासाठी स्वप्न बघणं सोडलं नाही.

मी सरांकडं गेले. म्हटलं, सर, हे खरं नाही. मी त्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला, पट्टीचं.

सर म्हणाले, तुझे वडील स्वतः कॅमेऱ्यावर बोललेत. मी म्हटलं, ते घाबरून बोलले. सर समजावल्यासारखं म्हणाले, शेवटच्या दिवसाचे पाहुणे ह्याच क्षेत्रातले आहेत, त्यांचे वाळूजला कारखाने आहेत, तुमच्या फुकट जागा त्यांच्याच मदतीनं चालतात. "आपण इथं दोष द्यायला नाही, उपाय शोधायला आलोय. आणि तू तुझ्या पुढच्या शिक्षणाचा विचार कर."

खोलीवर येऊन मी रुखसारला सांगितलं. ती केस विंचरत होती.

"मेरेकू भी बोले थे," ती म्हणाली. "अम्मी को बुलाव, बुरखे में आए तो अच्छा दिखता. मैं बोली अम्मी गाँव कू गई. अम्मी घर में च है."

मी हसले. पण मला तिच्यासारखं निसटता येणार नव्हतं. माझा बाप आधीच त्यांच्या मशीनमध्ये होता.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आईवडील आले. थंडगार हॉल. बाहेर गाड्यांची रांग. पप्पा-मम्मी शहर बसनं आले होते, फाट्यापासून चालत. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, पाहुण्यांच्या शेजारी. पप्पांना वाटलं हा मान आहे. ते खुर्चीच्या कडेला बसले, पाठ न टेकता.

आमच्या गटाचं नाव पुकारलं. दिवे मंद झाले. आणि पडद्यावर माझ्या बापाचा हात आला.

माणसापेक्षा मोठा. टाक्यांच्या खुणा, आखडलेली कातडी, जिथं बोट संपतं ती जागा. सगळं. हॉलमधून च्च च्च असा आवाज आला. मम्मीनं पदर तोंडाला लावला. पप्पांनी पडद्याकडं एकदाच बघितलं आणि मग ते आपल्या गुडघ्यांकडं बघत राहिले. पाहुणे त्यांच्याकडं वळून पुन्हा पडद्याकडं बघत होते. ताडून पाहिल्यासारखे.

मला तेव्हा जी लाज वाटली, ती मला शब्दांत धरता येत नाही. अंगावरचे कपडे कुणीतरी काढून घेतल्यासारखं. माझे नाही. त्यांचे.

अन्वी बोलली. कबीर बोलला. घंटी वाजवून दाखवली. मग माईक माझ्या हातात आला. इंग्रजी वाक्यं मला पाठ होती. एकही आठवायची इच्छा झाली नाही.

मी मराठीत बोलले.

"हा हात माझ्या वडलांचा आहे. ते इथं समोर बसलेत. त्यांचं लक्ष होतं. प्रेसचं एक बटण सुपरवायझरनं पट्टीनं बांधून ठेवलं होतं, माल जास्त निघावा म्हणून. हे मी ह्या सगळ्यांना सांगितलेलं आहे. आधी हा फोटो काढा. मग मी पुढं बोलते."

फोटो निघाला नाही. माझ्या पुढच्या शब्दाला माईक बंद होता. सर मंचावर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या माईकवर म्हणाले, ती भावनिक झालीय, साहजिक आहे, तिच्या धाडसासाठी जोरदार टाळ्या.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी. पाहुण्यांनीसुद्धा. काही बाया उभ्या राहिल्या. मी काय बोलले ते त्या टाळ्यांखाली गेलं. कुणी शिवी दिली असती तर मी ती झेलली असती. टाळ्यांचं काय करायचं ते मला कळेना. मी खाली उतरले आणि सरळ दाराबाहेर गेले.

पप्पा मागून आले. मला वाटलं, जवळ घेतील.

"जा, सॉरी म्हणून ये," ते म्हणाले.

मी म्हटलं, खरं तेच बोलले. ते म्हणाले, खरं मला ठाऊक नाय का? माझ्याच हातावर घडलंय ते. ठेकेदाराला उद्या कळंल. गेट गेलं तर खायचं काय? आणि तुझं पुढचं? ही माणसं तुला वर नेणार होती.

"तुम्ही हात वर का केला, पप्पा?"

त्यांनी हात खिशात घातला. मग म्हणाले, "तुझ्यासाठी. सर म्हणले, पोरीचा प्रकल्प हाय."

पप्पांनी पुन्हा सांगितलं, जा. मी म्हटलं, नाय जाणार. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाय म्हणाले.

तेव्हा ते स्वतः गेले.

काचेचं दार होतं. मला सगळं दिसत होतं. माझा बाप पाहुण्यांपुढं उभा राहिला. दोन्ही हात जोडले. मान खाली. ओठ हलत होते. पाहुण्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, हसून काहीतरी म्हणाले, पोरं असतात अशी, तसलं काहीतरी. सरांनी त्यांना चहा देऊ केला. पप्पांनी घेतला नाही. ते बाहेर आले आणि आमच्या पुढं चालायला लागले, फाट्याकडं.

घरी गेल्यावर मम्मीनं भाकरी टाकल्या. जेवताना पप्पा म्हणाले, मीठ दे. एवढंच.

पुढं काय झालं, तेही सांगते. थोड्याच दिवसांत पप्पांचं गेट गेलं. ठेकेदारानं कारण सांगितलं नाही. माझ्या बोलण्यामुळं गेलं का, मला आजही माहीत नाही. पप्पा म्हणतात, त्याच्यामुळंच. कधी रागानं म्हणतात, कधी नुसतं सांगितल्यासारखं. ते आता चिकलठाण्याला एका सोसायटीत पहारेकरी आहेत. बजाजनगरातून रोज एवढं लांब जातात. त्या दिवशीबद्दल आमचं दोघांचं कधीच बोलणं झालेलं नाही. एखादी कादंबरी असती तर बापानं शेवटी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला असता. आमच्या घरात तसं झालेलं नाही.

प्रोग्रॅमच्या वेबसाईटवर पहिल्याच पानावर तो हात होता. मी मेल केले. उत्तर नाही. मग मी आणि मम्मी तिथं गेलो. ऑफिसातल्या बाईंनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. बराच वेळ बसवून ठेवलं. मग म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी संमती दिली होती. मम्मी त्या दिवशी पहिल्यांदा त्या लोकांना उलटून बोलली. "मी नाय दिलेली," ती म्हणाली. "त्या हातानं माझ्या लेकराला घास भरवलाय. काढा तो." आणि तिथून उठायलाच तयार नाही. संध्याकाळपर्यंत बसली. फोटो निघाला. आता त्या जागी दुसऱ्या कुणाची तरी आई आहे. डोक्यावर हंडा, चेहऱ्यावर हसू.

मी आता सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. कुणाच्या शिफारशीशिवाय. तरी लाज गेलेली नाही. कधी कधी वर्गात बसल्या बसल्या कान तापतात. मला लाज वाटते ती त्या आभाराची. हिरवळीवर उभं राहून मी हात जोडले होते, आणि त्याच लोकांपुढं नंतर माझ्या बापाला जोडावे लागले. हे मला मरेपर्यंत पुरणार आहे. ते कुणी माझ्यावरून उतरवावं असं मला वाटतही नाही. ते अंगावर असलं की मी जागी राहते.

ह्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतली प्रतीक्षा तिथं निवडली गेली. दहावी झालेली पोर, गणितात तरबेज. तिची आई मला विचारायला आली, पाठवू का नको.

मी म्हटलं, पाठवा. तिथली प्रयोगशाळा चांगली आहे, पुस्तकं चांगली आहेत, आणि ती काय त्यांच्या घरची नाहीत. प्रतीक्षाला बाजूला घेऊन सांगितलं, शिकायचं ते सगळं शिक. ओरबाडून शिक. पण गोल बसवून कुणी घरचं विचारलं तर घर देऊ नको. मला वांगं आवडत नाही, असलं काहीतरी सांग. कुणाचे आभार मानू नको. बस आपल्या गल्लीत आली तर दार लावून घ्यायला तुझ्या आईला मी शिकवून ठेवते.

आणि शेवटच्या दिवशी मी जाणार आहे. प्रतीक्षाची पाहुणी म्हणून. पडद्यावर कुणाचं घर आलं, कुणाची आई आली, कुणाची जखम आली, की मी उठणार. हे ज्यानं केलं त्याचं नाव कुठंय, एवढंच विचारणार. माईक लागत नाही मला आता. त्यांनी टाळ्या वाजवल्या तर वाजवू देत. त्या थांबेपर्यंत मी उभी राहणार. आणि थांबल्या की पुन्हा विचारणार.